बंद फाटकापुढचा अर्धा तास

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मनोरंजन उद्यानात सकाळी लवकर गेले, की एक दृश्य हमखास दिसते. पहाटे गाव सोडून निघालेली शाळेची सहल दारे उघडण्यापूर्वीच येऊन थांबलेली असते. शिक्षक मुलांची शिरगणती तिसऱ्यांदा करीत असतात. पलीकडे एखादा कारकून वर्षभर जपून ठेवलेली किरकोळ रजा खर्ची घालून बायकामुलांसह आलेला असतो आणि माणशी किती रुपये पडले हा हिशेब त्याच्या डोक्यातून अद्याप गेलेला नसतो. मुख्य दार उघडते, माणसे धावत आत शिरतात आणि सर्वांत उंच रोलर कोस्टरपाशी येऊन थबकतात. तेथे एक साखळी आडवी लावलेली असते. रिकामी गाडी रुळावरून एकटीच धावून येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. मग कुरकूर सुरू होते. गाडी चालू आहे, मग आम्हांला का घेत नाहीत? पैसे काय उभे राहण्याचे घेतले?

साखळीपाशी उभा असलेला विशीतला कर्मचारी या प्रश्नांपुढे ओशाळतो. वास्तविक ओशाळण्याचे त्याला काहीच कारण नाही. त्या दिवसाच्या तिकिटात आपण जे जे विकत घेतो, त्यात हा अर्धा तासच सर्वांत मोलाचा असतो. खेद याचा करावयास हवा, की हा अर्धा तास पाळला गेलाच पाहिजे अशी सक्ती करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्या देशात नाही. कोणी तो प्रामाणिकपणे पाळतो, कोणी पाळत नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला या दोघांतील फरक कळण्याचा मार्ग नसतो.

त्या अर्ध्या तासात काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. जबाबदारीने चालविलेल्या उद्यानात रोज सकाळी तंत्रज्ञ रुळाच्या कडेने चालत जाऊन जोड, बोल्ट आणि आधाराचे खांब पाहतात. गाडीची चाके, ब्रेक आणि प्रवाशाला जागेवर धरून ठेवणारे दांडे व पट्टे एकेक करून तपासले जातात. मग रिकाम्या गाड्या सोडून त्या ठरलेल्या वेळात व ठरलेल्या वेगाने परत येतात की नाही, हे पाहिले जाते. वाऱ्याचा वेग मोजला जातो. या सर्वांची नोंद होऊन तिच्याखाली सही पडते आणि त्यानंतरच साखळी निघते. जेथे एकाच रुळावर अनेक गाड्या धावतात, तेथे रुळाचे खंड पाडलेले असतात आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी असा दंडक असतो. एकेरी मार्गावरील छोट्या स्थानकात इंजिनचालकाला लोखंडी गोळा देताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तत्त्व नवे नाही. गोळा हाती आल्याखेरीज गाडी पुढच्या खंडात शिरत नाही. रोलर कोस्टरमध्ये हेच काम संगणक करतो.

परंतु यंत्र कितीही शहाणे असले, तरी बाहेर वाढत चाललेल्या रांगेचा भार माणसाच्या मनावर पडतो. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स या उद्यानात २ जून २०१५ रोजी घडलेला अपघात या दृष्टीने मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. तेथील 'स्मायलर' नावाच्या रोलर कोस्टरवर त्या दिवशी जादा गाडी जोडण्यात आली होती. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी फेरी पुरी न करता रुळावरच थांबून राहिली. संगणकाने आपले कर्तव्य चोख बजावले आणि मागची, सोळा प्रवासी असलेली गाडी रोखून धरली. तंत्रज्ञांना मात्र रुळावर गाडी उभी असल्याचे ठाऊक नव्हते. हा संगणकाचाच दोष असावा असे समजून त्यांनी तो अडथळा दूर केला आणि भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. चालक कंपनीला २०१६ मध्ये पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने ठपका ठेवला तो एखाद्या तंत्रज्ञाच्या चुकीवर थांबला नाही. अशा प्रसंगी कोणी काय करावे, कोणाला विचारावे, कोणी रुळावर जाऊन पाहावे, याची घालून दिलेली पद्धतच तेथे नव्हती, हे तिने दाखवून दिले. ज्या देशात कायदा आहे, निरीक्षक आहेत आणि दंड वसूल करणारी न्यायालये आहेत, तेथे हे घडले.

घाई हा या धंद्याचा जन्मजात दोष आहे असे म्हणावेसे वाटते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे बांधकाम १९५४ च्या जुलैमध्ये सुरू झाले आणि १७ जुलै १९५५ रोजी, म्हणजे जेमतेम वर्षभरात, त्याचे उद्घाटन झाले. रस्त्यांवरचे डांबर पुरते घट्ट झाले नव्हते आणि स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. मात्र त्याच डिस्नेलँडमध्ये 'डंबो' या उडत्या हत्तीच्या पाळण्यासारखी जी साधने तयार नव्हती ती बंदच ठेवण्यात आली, आणि हा हत्ती ऑगस्टमध्ये म्हणजे महिनाभराने उडाला. डांबराची घाई चालते, पाळण्याची चालत नाही, एवढा विवेक त्या गोंधळातही राखला गेला.

आपल्याकडे या करमणुकीचा इतिहास फार जुना नाही. हाताने फिरविलेले जत्रेतले लाकडी पाळणे पिढ्यान्पिढ्यांचे असले, तरी आधुनिक उद्यान म्हणावे असे दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड उभे राहिले. खाडी ओलांडून तेथे जाणे हा मध्यमवर्गीय मुंबईकरांच्या दोन पिढ्यांचा सण होता. आता तेही बंद झाले आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. तात्पर्य, चाळीस वर्षांत हत्तीच्या सोंडेवरून घसरण्यापासून गाडीत उलटे टांगून घेण्यापर्यंत आपली मजल गेली. पाळणे उंच झाले, वेगवान झाले, महाग झाले. त्यांच्यावर नजर ठेवणारी व्यवस्था मात्र तेवढ्या वेगाने वाढली नाही.

याची किंमत वेळोवेळी मोजावी लागली आहे. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी, रविवारी संध्याकाळी, लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून खाली कोसळला. दोघांचा मृत्यू झाला आणि पंचविसांहून अधिक लोक जखमी झाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीतील एका प्रदर्शनात उंचावरून सावकाश खाली यावयाचा पाळणा एकदम जमिनीवर आदळला आणि त्यात बसलेले अनेक जण जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी राजकोटमधील एका बंदिस्त क्रीडाकेंद्राला आग लागून पंचविसांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत मुलेही होती. उन्हाळ्याची सुटी होती आणि सवलतीच्या दरात प्रवेश असल्याने गर्दी उसळली होती. या केंद्राकडे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. राजकोटची दुर्घटना पाळण्याची नव्हती हे खरे. पण दार उघडण्यापूर्वी जे पाहावयास हवे होते ते कोणी पाहिले नाही, हा धागा तेथेही आहे.

प्रत्येक वेळी पुढचा क्रम ठरलेला असतो. चालकाला अटक होते, चौकशी समिती नेमली जाते, राज्यभरातील उद्याने काही दिवस बंद ठेवून तपासली जातात आणि मग सारे पूर्ववत सुरू होते. तपासणी ही अपघातानंतर करावयाची गोष्ट आहे असाच जणू आपला समज झाला आहे.

कायद्याची स्थिती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. वाफेच्या बाष्पकांसाठी आपल्याकडे १९२३ पासून कायदा होता आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. इमारतीतील लिफ्टसाठी तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कायदा केला आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरकत्या जिन्यांसह त्याची नवी रचना केली. म्हणजे चार मजले सावकाश चढणारी पेटी निरीक्षकाच्या नजरेखाली आहे. पन्नास माणसांना आकाशात भिरकावून परत झेलणारे यंत्र मात्र पोलीस, नगरपालिका, अग्निशमन दल यांच्या निरनिराळ्या परवान्यांच्या आधारे चालते. मुंबईसाठी १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे जे नियम झाले, त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. त्या काळाला ते साजेसे होते. भारतीय मानक ब्यूरोने पाळण्यांच्या सुरक्षिततेची मानके तयार केली आहेत. पण मानक असणे आणि ते पाळले जाणे यांमध्ये एक निरीक्षक लागतो, आणि नेमका तोच जागेवर नाही.

हा निरीक्षक कोणाच्या हाताखाली असावा, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या रेल्वेत कोणताही नवा मार्ग रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीवाचून प्रवाशांसाठी खुला करता येत नाही. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. जो गाडी चालवितो त्याने ती सुरक्षित असल्याचा निवाडा करू नये, हे त्यामागील सूत्र. मंत्र्यांना उद्घाटनाची कितीही घाई असली, तरी आयुक्तांची सही झाल्याखेरीज प्रवासी गाडी सुटत नाही. तेच सूत्र पाळण्यांना लावावयाचे, एवढीच ही मागणी आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे इशाऱ्यादाखल घेण्यासारखे आहे. तेथे १९८१ मध्ये कायम ठिकाणी उभी असलेली उद्याने केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून वगळण्यात आली आणि ती जबाबदारी राज्यांवर गेली. कॅन्सस राज्यात उद्यानांनी स्वतःच तपासणी करून घेण्याची मुभा होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तेथील पन्नास मीटरांहून उंच जलघसरगुंडीवर एका दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर, २०१७ मध्ये, राज्याने कायदा कडक करून पात्र निरीक्षकाकडून वार्षिक तपासणी आवश्यक केली. आपण मात्र हे शहाणपण उधारीवर घेऊ शकतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. नवा कायदा म्हणजे नवा निरीक्षक आणि नवा निरीक्षक म्हणजे नवी चिरीमिरी, हा आपला अनुभव आहे. मोठी कंपनी हा खर्च सहज सोसेल. पण या जत्रेतून त्या जत्रेत आपला पाळणा ट्रकवर लादून नेणारे, ज्यांचा संसारच त्या पाळण्याभोवती फिरतो, त्यांचे काय? त्यांच्यावर कागदांचे ओझे टाकले, तर ते परवाना न घेताच धंदा करतील आणि धोका वाढेल. म्हणून व्यवस्था साधी हवी. पाळण्याची एकदा नोंदणी होऊन त्याला क्रमांक मिळावा. तो नव्या जागी उभारला, की जत्रेच्या आदल्या दिवशी यांत्रिकी अभियंत्याने तेथेच येऊन तो पाहावा आणि त्यासाठी नाममात्र शुल्क असावे. जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आहेत. तेथील अध्यापकांचे साहाय्य या कामी घेता येईल. आणि रोजच्या तपासणीचा तक्ता, वेळ व सहीसह, पाळण्याच्या दारावरच लावलेला असावा. चिरीमिरी चालते ती बंद कपाटातल्या कागदांवर. शेकडो माणसांच्या डोळ्यांसमोर टांगलेला तक्ता रोज खोटा लिहिणे तितकेसे सोपे नसते.

या तक्त्याचा खरा उपयोग तो वाचला गेला तरच आहे आणि तेथे आपली जबाबदारी सुरू होते. सहलीची आखणी करताना शिक्षक बसचा परवाना पाहतात, पालकांची संमतिपत्रे गोळा करतात, प्रथमोपचाराची पेटी बरोबर घेतात. उद्यानाला पत्र लिहून तपासणीची विचारणा मात्र क्वचितच होते. दहा शाळांनी असे पत्र धाडले आणि उत्तर आल्याखेरीज आगाऊ रक्कम भरली नाही, तर जे काम शासनाच्या परिपत्रकाने होणार नाही ते कदाचित त्या पत्रांनी होईल. सहलीच्या दिवशी साखळी आडवी दिसली, तर मुलांना तिचा अर्थ तेथेच समजावून सांगता येईल. रुळाकडे बोट दाखवून रिकामी गाडी का धावते आहे हे सांगण्याइतका चांगला विज्ञानाचा तास वर्गात मिळणे कठीण.

आपल्या सार्वजनिक जीवनात थांबणे हा एक प्रकारचा अपमान मानला जातो. त्याला कारणेही आहेत. शिधावाटपाच्या दुकानापासून कचेरीच्या खिडकीपर्यंत आपल्याला पुष्कळदा विनाकारण थांबविले गेले आहे. तेव्हा प्रत्येक बंद फाटकाकडे संशयाने पाहण्याची सवय जडली, तर तो लोकांचा दोष म्हणता येणार नाही. परंतु आपल्या खोळंब्याचे दोन प्रकार ओळखावयास शिकले पाहिजे. एकात पलीकडचा माणूस आपली पर्वा करीत नसतो. दुसऱ्यात तो आपल्या मुलाच्या छातीवरचा दांडा घट्ट बसतो की नाही हे पाहत असतो. पाळण्यापुढचा अर्धा तास या दुसऱ्या प्रकारातला आहे. तो अर्धा तास कोणी वाचवीत असेल, तर खरी तक्रार त्याविरुद्ध केली पाहिजे. येत्या सुटीत साखळीपाशी उभे राहावे लागले, तर कुरकूर न करता त्या विशीतल्या कर्मचाऱ्याला एवढेच विचारावे, की आजच्या तपासणीचा तक्ता कोठे आहे आणि त्यावर सही कोणाची आहे.