वनसमितीची ग्रामसभा होताना

सिंदेवाही तालुक्यातील जंगलालगतच्या गावांत संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांचे काम कोणाला अपरिचित नाही. वणवा विझविणे, चोरट्या तोडीवर पाळत ठेवणे, पाळी लावून गस्त घालणे ही कामे सभासदांनी स्वयंसेवेच्या भावनेने केली. आता वनहक्क कायद्याखाली हाच कारभार ग्रामसभेच्या समितीकडे द्यावा, असा विषय निघाला की पहिली नाराजी पुष्कळदा या जुन्या सभासदांचीच असते. उत्साही कार्यकर्ते त्यांना खात्याची माणसे म्हणून मोकळे होतात. आमच्या मते हा अन्याय आहे, आणि कार्यनाशही आहे.

त्यांच्या शंका काय आहेत? ज्यांनी कधी गस्त घातली नाही, त्यांनाही उद्या आमच्याइतकेच मत कसे? समितीच्या खात्यावरील पैशाचे काय होणार? आणि सर्वांत खरी शंका वाघाची. शिवणीच्या बाजूस, ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून राहणाऱ्या माणसाला वनरक्षकाशी बिघाड परवडत नाही. गुरे मारली गेली तर पंचनाम्याला तोच येणार. ही भीती पोटातून आलेली आहे. भाषणाने ती जाणार नाही.

तरीही दोन्ही रचनांतील भेद स्पष्ट सांगितलाच पाहिजे. संयुक्त वनव्यवस्थापन राज्यात आले ते १९९२ च्या शासननिर्णयाने. समितीचे चिटणीसपद खात्याच्या कर्मचाऱ्याकडे, नोंदणी खात्याकडे आणि बरखास्तीचा अधिकारही खात्याकडेच. शासननिर्णयाने दिलेले शासननिर्णयाने काढून घेता येते. उलट २००६ चा वनहक्क कायदा संसदेचा आहे. त्यात सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हा गावाचा हक्क आहे, आणि बांबू, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर मालकी सांगितली आहे. गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. या रचनेत भूमिहीनालाही मत मिळते. गस्त घालणाऱ्याचा मान मोठा आहे. पण सरपणासाठी रोज जंगलात जाणाऱ्या बाईचा हक्क त्याने लहान होत नाही.

वाघाच्या शंकेलाही उत्तर आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या हानीची भरपाई शासनाच्या नियमांनी मिळते. समितीचे रूप बदलल्याने ती बुडत नाही. मात्र हे तोंडी सांगून भागणार नाही. पंचनामा वेळेवर व्हावा म्हणून गावाबरोबर कार्यकर्ता उभा राहिला, तरच त्यावर विश्वास बसेल.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचा धडा येथे उपयोगी पडतो. या गावाने आधी संयुक्त वनव्यवस्थापनही स्वीकारले होते. पुढे २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. एवढा काळ गाव फुटले नाही, कारण तेथील निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही शंका उरली तरी चर्चा पुढे चालते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही २०१२ मध्ये हक्क मिळविला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेने हाती घेतला. तेव्हा हे काम चंद्रपूर जिल्ह्यात होत नाही, असे म्हणावयास जागा नाही.

कार्यकर्त्यांनी घाई टाळावी. जुन्या समितीचा जमाखर्च प्रथम उघड्या सभेत वाचला जावा. शिल्लक कोठे जाणार, याचा ठराव सर्वांसमक्ष व्हावा. ज्यांनी वर्षानुवर्षे जंगल राखले, त्यांच्या अनुभवाला नव्या समितीत जागा मिळावी; मात्र त्यांची निवड ग्रामसभेने करावी. वनहक्काच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. घरोघर फिरून सह्या गोळा केल्याने ही अट पुरी होत नाही.

शिक्का बदलला आणि तेच चार पुरुष खुर्च्यांवर बसले, तर सभासदांची शंका खरी ठरेल. खात्याची सत्ता गावातील चौघांकडे जाण्यासाठी हा कायदा झालेला नाही. म्हणून ज्या गावी जुना सभासद अजून कुरकुरतो आहे, तेथे ठराव एक महिना पुढे ढकलावा आणि त्या महिन्यात त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.