माळ्यावरचे भोपळे, वहीतल्या ऑर्डरी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याचे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे येते. एकाला संध्याकाळच्या गाडीने वाद्य सोबत न्यायचे असते. दुसरा आपली पट्टी आणि गुरूच्या जुन्या तानपुऱ्याचा कानात बसलेला आवाज घेऊन येतो; दोन-तीन महिने थांबायची त्याची तयारी असते. पहिल्याला तयार माल लागतो, दुसऱ्याचे नाव ऑर्डरीच्या वहीत चढते. कारागीर दोघांना तेच आणि तानपुऱ्याच्या बुडाशी लागणारे चांगले भोपळे मोजकेच. त्यांची वाटणी कशी करायची, हा या धंद्यातला खरा हिशेब आहे आणि तो वहीत कमी, माळ्यावर जास्त होतो.

सुरुवातीला सगळे काम मागणीबरहुकूमच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावण्याचा धंदा आटू लागला, तेव्हा मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. आधी दुरुस्ती, मग नवे वाद्य, असा तो प्रवास. गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिकांच्या पदरचे गवई. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहू लागले. तानपुरा सुरेल लागल्याशिवाय गाणे नाही, असा त्यांचा बाणा असल्याने कारागिरांच्या कानाला घरातच परीक्षक मिळाला. दुकानात टांगून ठेवायच्या मालाची गरज पडली ती विद्यार्थ्यांमुळे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे वर्गात शिकवण्याची वाट रुळली. वर्गातल्या मुलाला खास आपल्या गळ्यासाठी घडवलेला तानपुरा नको असतो; परवडणारा आणि लगेच मिळणारा हवा असतो.

तरीही ‘आधी बनवा, मग विका’ हे तानपुऱ्याच्या बाबतीत सरळ जमत नाही, कारण भोपळा. गिटार बनवणाऱ्याला लाकूड हव्या त्या मापात कापून, वाकवून घेता येते. तानपुरावाल्याचे माप शेतातून ठरून येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत होणारा हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू असतो आणि वाळला की त्याची साल लाकडासारखी टणक होते. पीक वर्षातून एकदा. त्या हंगामात कारागीर वर्षभराची खरेदी उरकतो, म्हणजे कोणते गिऱ्हाईक काय मागेल हे ठाऊक नसताना पैसा अडकवतो. फीत लावून घेर मोजायचा, खांदा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का ते पाहायचे, बोटाने ठोकून सालीचा अंदाज घ्यायचा, कीड किंवा चीर दिसली की बाजूला सारायचा. ढिगातून मनाजोगे थोडेच निघतात.

या घेरावर पुढचे सारे अवलंबून असते. पेटीच्या काळी एक-दोन पट्टीच्या आसपास गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा साधारण पाच फूट उंच असतो आणि त्याला ५० इंचांच्या पुढचा भोपळा लागतो. काळी चार-पाचच्या बायकी आवाजासाठी वाद्य लहान आणि भोपळाही लहान. मोठ्या भोपळ्याच्या लांब तारा वरच्या पट्टीला चढवल्या तर आवाज चिरका होतो आणि तारा तुटतात. लहान तानपुरा खाली उतरवला तर तारा लोळतात. म्हणून जाणता कारागीर मोठे, सुडौल भोपळे तयार मालात घालत नाही, ऑर्डरीसाठी राखतो. मध्यम घेराचे भोपळे मुबलक मिळतात आणि गाणे शिकणाऱ्यांत मुली पुष्कळ असल्याने त्या मापाचे वाद्य पडून राहण्याची भीती कमी. तयार माल मुख्यतः त्यांचाच होतो.

सर्वांत अवघड ऑर्डर जोडीची. मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात आणि त्यांचा आवाज एकमेकांत मिसळला पाहिजे. त्यासाठी सारख्या घेराचे, सारख्या सालीचे दोन भोपळे हवेत. दांड्याही शक्यतो तुनीच्या लाकडाच्या एकाच ओंडक्यातल्या. असे दोन भोपळे क्वचित जुळतात. जुळले की ते माळ्यावर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि घाईतल्या गिऱ्हाइकाने कितीही पैसे देऊ केले तरी जोडी फोडायची नाही. या नियमाने रोकड अडते. पण जोडीतला एक नग विकून बसलेल्या दुकानदाराला दुसरा भोपळा पुढच्या हंगामातही मिळेल याची खात्री नसते.

मागणी आणि माल यांची तडजोड होते ती अर्धवट वाद्यात. भोपळा भिजवून, कापून, आतला गर आणि बिया काढून वाळवायचा. त्याला लाकडी गळा बसवायचा, दांडी जोडायची, भोपळ्याच्या तोंडावर तबली चिकटवायची. इथे थांबायचे. न पॉलिश, न नक्षी, न खुंट्या. असे सांगाडे कोपऱ्यात उभे असतात. हे रेंगाळलेले काम नव्हे. मधल्या काळात सांधे बसतात, उरलासुरला ओलावा निघून जातो आणि एखादी तबली वाकणार असेल तर गिऱ्हाइकाच्या घरी न वाकता इथेच वाकते. ऑर्डर आली की जवळच्या मापाचा सांगाडा उचलायचा. तारा चार हव्यात की पाच-सहा, नक्षी भरगच्च की साधी, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कशाची, हे सगळे अजून ठरवता येते. पूर्वी घोडीला सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्याने ते गेले आणि उंटाचे हाड किंवा टणक प्लास्टिक आले. गिऱ्हाइकाला वाटते, वाद्य पहिल्यापासून आपल्यासाठी घडले. त्यातला निम्मा भाग त्याच्या आधीच घडलेला असतो आणि यात फसवणूक काही नाही. बसलेला सांधा नव्या सांध्यापेक्षा चांगलाच.

जवारी, म्हणजे तारेचा झणकार, मात्र साठवून ठेवता येत नाही. घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा तुकडा असतो. तो केसभर सरकवला की एका जागी तार घोडीला निसटती घासू लागते आणि ठोक आवाजातून झणकार फुटतो. सूत आणखी सरकले की झणकार पुन्हा मिटतो. प्रत्येक तारेला हे वेगळे करावे लागते. कोणाला जवारी खुली हवी, कोणाला गोल. शिवाय पट्टी बदलली की ताण बदलतो आणि काम पुन्हा. म्हणजे टांगलेला तानपुरा ‘तयार’ म्हटला तरी शेवटचे काम गिऱ्हाईक समोर बसल्यावरच होते.

पैशाच्या बाजूने ऑर्डर बरी. इसार मिळतो, त्यातून तारा-लाकूड येते, नग विकला जाणार हे ठरलेले असते. पण फक्त ऑर्डरीवर राहिले तर वही रिकामी असलेल्या महिन्यांत कारागिरांना बसवून मजुरी द्यावी लागते. त्या दिवसांत तयार माल करायचा: आषाढीच्या आधी खपणाऱ्या भजनी वीणा, किंवा प्रवासाला सोयीच्या चपट्या लाकडी तानपुऱ्या. या तानपुऱ्यांना भोपळाच नसल्याने सारखे दहा नग काढणेही जमते. तयार मालाचा मोठा भाग परगावचे दुकानदार घेतात. त्यात भाव पडतो, आणि वाद्यावर विकणाऱ्याचे नाव चढते, घडवणाऱ्याचे पुसले जाते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव त्याने राखले जाईल, कारागिराचे त्याने आपोआप राखले जात नाही.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मग मोबाइलवरचा तानपुरा आल्यावर शिकाऊ विद्यार्थ्याची मागणी पातळ झाली, म्हणजे तयार मालाचाच पाया हलला. टिकले ते जाणकार गिऱ्हाईक, आणि ते ऑर्डर देते. मात्र ऑर्डरीचाही एक धोका असतो: इसार देऊन गिऱ्हाईक फिरकलेच नाही, तर खास त्याच्यासाठी कोरलेला, त्याच्याच पट्टीचा तानपुरा तयार मालाच्या रांगेत जाऊन बसतो. अशा नगाच्या तारा उतरवून ढिल्या ठेवतात. त्याच मापाच्या गळ्याचा कोणी आला की घोडी पुन्हा घासायची, सूत पुन्हा सरकवायचे.