रस्त्याच्या भेगा आणि परक्या कसोट्या

मारेगाव तालुक्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. वैशाखात ती आक्रसते, पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पाणी पडले की ती फुगते आणि त्याच भेगा मिटतात. ह्या जमिनीवर डांबराचा थर अंथरल्याने तिचा स्वभाव पालटत नाही. रस्त्याच्या कडेची माती आधी वाळते, आत सरकते आणि कडेलगत लांबच लांब चीर उमटते. पहिल्या पावसाचे पाणी त्या चिरेतून पायापर्यंत जाते, पाया भुसभुशीत होतो आणि कापसाच्या गाड्या किंवा वणी परिसरातील कोळशाचे ट्रक जाऊ लागले की चिरेचा खड्डा होतो. भेग वेळेवर बुजवणे हे काम म्हणूनच किरकोळ नाही. रस्ता नव्याने करण्याच्या खर्चापुढे ह्या कामाचा खर्च अगदी नगण्य आहे.

परंतु भेग कशाने बुजवावी, हे ठरवायचे कसे? आज बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते: पिंपात साधे डांबर तापवायचे, भेगेत ओतायचे आणि वर चुरी टाकायची. रस्तेबांधणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० ह्या डांबराचा मृदुबिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश सेल्सियस असावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले म्हणजे काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंश ओलांडतो. अशा वेळी ते डांबर भेगेत राहावे कसे? ते चाकांना चिकटून निघून जाते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी भेग पुन्हा उघडी पडते.

ह्यावर रबर किंवा बहुवारिक मिसळलेली तयार मिश्रणे बाजारात आहेत. त्यांच्या निवडीसाठी बहुधा अमेरिकी मानकाचा हवाला दिला जातो. त्या मानकात मृदुबिंदू किमान ८० अंश मागितला आहे, आणि साठ अंशांच्या भट्टीत उतरत्या पत्र्यावर पाच तास ठेवून मिश्रण ओघळते काय हे पाहण्याची रीतही तेथे प्रचलित आहे. ह्या कसोट्या मारेगावला उपयोगी आहेत. पण त्याच मानकातील चिकटपणाची मुख्य चाचणी मिश्रण उणे १८ किंवा उणे २९ अंशांवर ताणून घेतली जाते! बर्फाळ प्रदेशाला ती योग्यच. ज्या तालुक्याला हिमवर्षाव ठाऊक नाही, त्याने तिच्यासाठी किंमत का मोजावी? मारेगावची खरी परीक्षा वेगळी आहे: धुळीने माखलेल्या भेगेच्या कडांना मिश्रण धरते काय, आणि जमीन एकदा फुगून एकदा आक्रसल्यावरही ते सुटत नाही काय. आपल्याकडील भारतीय मानक १८३४ हे काँक्रीटच्या सांध्यांसाठी आहे. काळ्या जमिनीवरील डांबरी रस्त्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग उपाय काय? १९९१ साली अमेरिका व कॅनडातील पाच ठिकाणी वाहत्या रस्त्यांवर निरनिराळी मिश्रणे व भरण्याच्या निरनिराळ्या पद्धती शेजारी शेजारी वापरून पाहिल्या गेल्या आणि सुमारे सात वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. अनुकरण करायचे तर ह्या पद्धतीचे करावे. वणीहून मारेगावमार्गे करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शंभर शंभर मीटरचे चार तुकडे निवडावेत, प्रत्येकात वेगळे मिश्रण भरावे, पाचवा तुकडा तसाच सोडावा. आणि दोन पावसाळ्यांनंतर काय टिकले ते जाहीर करावे. यवतमाळचे शासकीय तंत्रनिकेतन आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था ह्यांना असे काम अवघड नाही. भेग सर्वांत रुंद असताना, म्हणजे वैशाखात, भरली तर पावसाळ्यात मिश्रण वर ढकलले जाते; भर पावसाळ्यात भरली तर ओल्या कडांना ते चिकटत नाही. पौष-माघाचा कोरडा, थंड काळ योग्य. पण निविदा मात्र मार्चअखेरचा खर्च संपवण्याच्या घाईत निघतात!

येथे केवळ रसायनाचा प्रश्न उरत नाही. एकेकाळी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलामैलाला मैलकुली असे. पाणी कोठे तुंबते, चीर प्रथम कोठे उमटते, हे त्याला ठाऊक असे. ती पदे ओस पडत गेली, कामे ठेक्यावर गेली, आणि रस्त्याची स्मृतीच नष्ट झाली. आता सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. तापमापकाविना पिंप तापते. मिश्रण करपून त्यातील रबराचे गुण जातात. आणि हातमोजे वा बूट नसलेल्या मजुराचे हात भाजतात. जाळीदार भेगा म्हणजे पाया खचल्याची खूण. तेथे वरून मलमपट्टी करून देयक काढणे ही तर जनतेची शुद्ध फसवणूक होय.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून साध्या मागण्या कराव्यात. कोणते मिश्रण, कोणत्या चाचणीवर, कोणत्या दराने निवडले ते कामाच्या फलकावर लिहिले जावे. भरणाऱ्या मजुरास प्रशिक्षण व संरक्षक साधने मिळावीत. मैलकुलीची पदे पुन्हा भरली जावीत. रस्ता लोकांच्या पैशातून होतो. त्याची कसोटीही लोकांसमोर, लोकांच्याच मातीवर झाली पाहिजे.