भिंतींच्या आतला फुटबॉलपटू

अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ह झुंगुल यांचा समावेश झाला तो 2023 साली. त्यांची व्यावसायिक कारकीर्द 1990 मध्येच संपली होती. इनडोअर सॉकरच्या मेजर लीगमध्ये 652 गोल, 471 असिस्ट, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि न्यूयॉर्क ॲरोजसाठी लीगच्या पहिल्या चारही हंगामांची विजेतेपदे एवढे सगळे नावावर असलेल्या माणसाला तीन दशकांहून अधिक थांबावे लागले. हे गोल भिंतींनी बंदिस्त केलेल्या छोट्या मैदानावर झाले होते, म्हणून ते कोणी पुरेसे मोजले नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ही न मोजण्याची सवय आपल्या प्रशिक्षकांनाही जडू लागली आहे, म्हणून या अंकात हा विषय.

पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही पाहा. आज दहा वर्षांचे मूल पहिल्यांदा चेंडूला पाय लावते ते जाळी लावलेल्या टर्फवर. पूर्ण आकाराचे मैदान त्याला फार उशिरा मिळते, कित्येकांना मिळतही नाही. तरी निवड चाचणीत ‘हा टर्फचा पोरगा आहे’ हे वाक्य आपण नापसंतीच्या सुरात ऐकतो. हा सूर बदलला पाहिजे, आणि तो बदलायचा तर आधी भिंतींच्या आतल्या व्यावसायिकाचे काम नीट समजून घ्यायला हवे.

अमेरिकेत हा खेळ आइस हॉकीच्या रिंकवर वाढला. साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद जागा, बर्फावर अंथरलेले कृत्रिम गवत, चहूबाजूंनी फळ्या आणि त्यांच्यावर काच. गोलकीपर धरून सहा खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. गंभीर चुकीला निळे कार्ड, म्हणजे दोन मिनिटे बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एकाने कमी. चेंडू फळीवर आपटून परत येतो, त्यामुळे खेळ थांबतच नाही. खेळाडू मिनिट-दोन मिनिटे जीव तोडून पळतो, खेळ चालू असतानाच बाकावर येतो, पुन्हा उतरतो. फळी ही इथे बाराही जणांना मोकळी असलेली जोडीदार असते. कोणत्या कोनातून, किती जोरात मारले की चेंडू आपल्याच पुढच्या पावलावर येईल, हे चांगला इनडोअर खेळाडू न बघता ओळखतो. त्यासाठी वर्षे घालवावी लागतात. फुटसालपेक्षा हे वेगळे आहे. फुटसालमध्ये फळ्या नसतात, रेषा असतात आणि चेंडू कमी उसळतो. आपल्या टर्फवर जाळीवरून परतणारा चेंडू खेळात धरला जातो आणि मुंबईच्या जिमखान्यांत रिंक फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळले जाते. त्यामुळे अमेरिकी इनडोअर खेळाशी आपली ओळख आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळची आहे.

झुंगुल यांचे मूळ नाव स्लाविशा. युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, हायदुक स्प्लिटचे आघाडीचे खेळाडू. 1978 च्या अखेरीस क्लबची परवानगी न घेता ते अमेरिकेत राहिले आणि मोठ्या मैदानाचे दरवाजे त्यांना बंद झाले. नुकतीच सुरू झालेली इनडोअर लीग मात्र फिफाच्या चौकटीबाहेर होती, म्हणून तिथे खेळता आले. ज्या वयात फॉरवर्ड सर्वांत धारदार असतो ती सगळी वर्षे त्यांनी रिंकवर काढली. 1980-81 च्या एकाच हंगामात त्यांनी 108 गोल केले. फळीवरून आलेला चेंडू कुठे पडणार हे बचावपटूच्या आधी ओळखून ते तिथे उभे असत. न्यायालयीन लढ्यानंतर 1983 मध्ये त्यांना पुन्हा मोकळ्या मैदानावर उतरता आले, आणि 1984 मध्ये गोल्डन बे अर्थक्वेक्सकडून खेळताना ते नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तेव्हा वयाची तिशी आली होती. रिंकवर मुरलेला खेळाडू बाहेर टिकत नाही असे म्हणणाऱ्याने हा हंगाम विसरू नये.

प्रेकी यांची वाट उलट दिशेची, आणि प्रशिक्षकांना जास्त शिकवणारी. बेलग्रेडच्या या तरुणाला टकोमा स्टार्सचे प्रशिक्षक बॉब मॅकनॅब यांनी इटलीतल्या एका इनडोअर स्पर्धेत पाहिले आणि 1985 मध्ये अमेरिकेला नेले. टकोमा आणि सेंट लुईस इथे सात वर्षे रिंकवर खेळून ते 1992 मध्ये एव्हर्टनला गेले. पुढे कॅन्सस सिटीकडून मेजर लीग सॉकरमध्ये 1997 आणि 2003 अशा दोन वर्षी ते सर्वोत्तम खेळाडू ठरले. दुसऱ्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. 10 फेब्रुवारी 1998 रोजी गोल्ड कपच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेने ब्राझीलला 1-0 असे हरवले, तो एकमेव गोल प्रेकींच्या डाव्या पायाचा. त्या डाव्या पायाचा कट सगळ्यांना माहीत होता, तरी अडवता येत नव्हता. बचावपटू अंगाला खेटून उभा असताना अर्ध्या पावलाची जागा काढायची, हे रोजचे काम त्यांनी रिंकवर केले होते. मोठ्या मैदानावर तेवढी जागा त्यांना भरपूर वाटली असणार.

पण प्रशिक्षकाने शिष्याला या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1987 च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना टकोमा डोममध्ये 21,728 प्रेक्षकांनी पाहिला. झुंगुल आणि प्रेकी दोघेही तेव्हा टकोमाचे. जिंकली मात्र डॅलस साइडकिक्स, जादा वेळेत. एवढी गर्दी जमवणाऱ्या लीगमधले क्लीव्हलँड फोर्स आणि सेंट लुईस स्टीमर्स पुढच्याच वर्षी बंद पडले आणि 1992 मध्ये लीगच संपली. त्यानंतर नव्या लीग आल्या, गेल्या, नावे बदलली. आज तिथे 2014 पासूनची मेजर अरिना सॉकर लीग चालू आहे. या खेळावर जगणारा माणूस संघ बुडणार हे गृहीत धरूनच घर चालवतो. कोचिंगचे प्रमाणपत्र, दुसरे शिक्षण, उन्हाळ्यातले काम यांची सोय त्याने खेळत असतानाच करायची असते. आपल्याकडे 2016 मध्ये रोनाल्डिनो, गिग्ज, फाल्काओ अशा नावांसह आलेली प्रीमियर फुटसाल दोन हंगामांत थांबली, हे इथल्या पालकांना सांगायला संकोच कशाला? 2021 पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघ फुटसालची क्लब स्पर्धा घेतो, 2023 मध्ये भारताचा फुटसाल संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. वाट उघडली आहे. तिच्यावर पोट भरेल असे आज कोणी मुलाला सांगत असेल तर तो त्याची फसवणूक करतो आहे.

सरावाकडे येऊ. छोट्या जागेत शिकलेल्या मुलाकडे पहिला स्पर्श, पाठीवर माणूस घेऊन वळणे आणि झटपट निर्णय असतो. लांब पास, हेडर, चेंडूपासून दूर राहून केलेली चाळीस मीटरची धाव या गोष्टी टर्फ त्याला देत नाही. म्हणून अकरा जणांच्या संघात घेताना त्याला एक पूर्ण पूर्वहंगाम द्या; दोन चाचणी सामन्यांवर निकाल लावू नका. उलट दिशेने जाणाऱ्या मुलाला पाच किलोमीटर पळवून काही साधत नाही, त्याला मिनिटभराच्या पूर्ण वेगाच्या फेऱ्या आणि पूर्ण विश्रांती हवी.

गुडघ्यांबद्दल मात्र आम्हाला काळजी वाटते आणि ती आम्ही इथे जोर देऊन मांडतो. रिंकवरचा खेळाडू दर काही सेकंदांनी थांबतो, फिरतो, पुन्हा सुटतो. खाली काँक्रीट आणि वर पातळ गवत असेल तर तो सगळा मार गुडघा आणि घोटा खातात. आपल्या गच्च्यांवरच्या अनेक टर्फखाली धक्का शोषणारा थर आहे की नाही, हे तिथे रोज शिकवणाऱ्या प्रशिक्षकालाही ठाऊक नसते. मालकाला विचारा. लांब स्टडचे बूट घालून आलेल्या मुलाला त्या दिवशी खेळवू नका. स्टड गवतात अडकतो, पाय जागीच राहतो आणि अंग फिरते. छोट्या टर्फाच्या बुटांची किंमत शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही. एकाच मुलाला सकाळी अकादमीत, संध्याकाळी शाळेत आणि रात्री भाड्याच्या संघातून खेळवले जात असेल तर तिन्ही प्रशिक्षकांनी एकमेकांना फोन करायलाच हवा.

गोलकीपरचा विचार तर जवळपास कोणीच करत नाही. छोट्या मैदानावर त्याच्यावर फटके सतत येतात, तेही सहा-सात मीटरवरून, आणि जाळीवरून परतलेल्या चेंडूवर दुसरा फटका लगेच. हाताने फेकून हल्ला सुरू करणे हेही त्याचेच काम. त्याच्यासाठी वेगळा सराव आखणारे जे मोजके प्रशिक्षक राज्यात आहेत, त्यांनी आपले आठवड्याचे वेळापत्रक आम्हाला पाठवावे. पुढच्या अंकापासून ते आम्ही आकृत्यांसह छापू.