जठरातील बिऱ्हाडकरू

पोटात जळजळ सुरू झाली की आपल्या घरांतले निदान ठरलेले असते : पित्त! जागरण, तिखट आणि मनस्ताप या तिघांवर दोष ठेवून आपण मोकळे होतो. वैद्यकशास्त्राचीही समजूत पुष्कळ काळ अशीच होती. जठरातील तीव्र आम्लात जंतू तग धरूच शकणार नाही, असे मानले जाई.

वास्तविक १८९३ साली इटलीतील बिझ्झोझेरो या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या जठरात मळसूत्रासारखे वळलेले जंतू पाहिले होते. पुढे १८९६ मध्ये सालोमन याने मांजराच्या जठरातील असेच जंतू उंदरांत रुजवून दाखविले. म्हणजे एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे ते जाऊ शकतात, हे तेव्हाच कळले होते. परंतु त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी माणसाच्या जठरातील असा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. त्याचे आजचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि तपासणीत जठराचा दाह दिसून आला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवितो आणि त्यायोगे आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करून वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. त्यातून काहींना जठरव्रण होतो, तर थोड्यांना कर्करोगही.

मग प्रश्न उरतो तो घरातल्या मोत्याचा आणि मनीचा. यांच्या जठरात असतात ते पायलोरीचे चुलतभाऊ : हेलिकोबॅक्टर फेलिस, हेलमनी इत्यादी. डुकरांत असतो तो सुइस. हे चुलतभाऊ क्वचित माणसाच्या जठरातही सापडतात, आणि ते जनावरांच्या सहवासातून येत असावेत असे संशोधकांना वाटते. खुद्द पायलोरीच्या खुणा सार्डिनिया बेटावरील मेंढ्यांच्या दुधात आढळल्या आहेत. तेथील मेंढपाळांत या जंतूचे प्रमाणही अधिक दिसले.

तथापि म्हणून मोत्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. पायलोरी मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो, तोही बहुधा बालपणी आणि घरातल्या घरात. बाळाचा घास आपल्या तोंडात चावून मऊ करून भरविणारी माउली कुत्र्याला मात्र दूर हाकलते, यात प्रेम आहे, पण विचार अपुरा आहे.

उष्ट्या-खरकट्याविषयीचे वडीलधाऱ्यांचे नियम या बाबतीत उपयोगीच ठरतात. जनावराला हाताळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, त्याला मुलांचे तोंड चाटू देऊ नये, दूध उकळूनच प्यावे.

पोटदुखी वारंवार होत असेल, वजन घटत असेल अथवा शौचास काळे होत असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत, डॉक्टरांकडे जावे. श्वासाच्या, मलाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने हा जंतू ओळखता येतो. प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध सहसा चौदा दिवस घ्यावे लागते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडले, तर उरलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. इतक्या जुन्या बिऱ्हाडकरूला बाहेर काढायचे, तर चिकाटी हवीच.