उन्हाळ्यातील कठीण धावणे आणि मधली विश्रांती

दरवर्षी जानेवारीत शाळा उघडल्या की आपल्या घराघरांतून दोन मते ऐकू येतात. पालक म्हणतात, "एप्रिलपर्यंत मुलांचे धावणे बंद ठेवा, विशेषतः मुलींचे, ऊन लागेल." मैदानावरचे शिक्षक म्हणतात, "उन्हात जो तापला तोच थंडीत जिंकला." माझ्या नम्र मताप्रमाणे दोन्ही बाजूंचे थोडे चुकते आहे, आणि त्याची किंमत मुले मोजतात. गेली काही वर्षे मीही एका लहान गटाबरोबर धावते. त्यात माझे जुने विद्यार्थी आहेत, एक पोलीस शिपाई आहे, बँकेत काम करणारे एक दादा आहेत, आणि कॉलेजच्या चार-पाच मुली आहेत. वयाची चाळिशी ओलांडल्यामुळे मी बहुधा शेवटी असते; आणि शेवटी धावणाऱ्याला पुढच्या सर्वांच्या पाठी दिसतात, कोण डगमगते आहे तेही दिसते.

ज्या धावण्यावरून हा वाद आहे त्याला इंग्रजीत इंटर्व्हल म्हणतात. चारशे मीटर जोरात धावायचे, थोडे थांबायचे किंवा हळू चालायचे, पुन्हा चारशे मीटर. असे सहा वेळा, आठ वेळा. आपल्याकडे मैदानावर मात्र फ्रेंच शब्द चालतो, फ्राक्सिओने, म्हणजे तुकडे केलेले. शब्दातच फरक आहे, वाचकहो! फ्रेंच शब्द धावण्याचे तुकडे मोजतो. इंग्रजी शब्द मधली विश्रांती मोजतो. हिंदी सिनेमाच्या पडद्यावर मध्येच तो शब्द येत असे तेव्हा आपण पिस्ते घ्यायला बाहेर पडत होतो; तीच ही इंटर्व्हल. या व्यायामाचे नाव विश्रांतीवरून पडले आहे हे फार थोड्या मुलांना कोणी सांगितलेले असते.

हे काही माझ्या पदरचे नाही. 1930 च्या दशकात जर्मनीत वाल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगाचे डॉक्टर यांनी ही पद्धत बसवली. त्यांचा हिशोब साधा होता. धावताना नाडी मिनिटाला सुमारे 180 पर्यंत जावी, आणि थांबल्यावर दीड मिनिटाच्या आत ती 120 पर्यंत खाली यावी. आली नाही तर धाव फार जोराची किंवा फार लांबीची झाली असे समजावे. हृदय बळकट होते ते या उतरण्याच्या वेळात, असे त्यांचे म्हणणे होते. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 साली मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावून जो विक्रम केला, तो 1955 पर्यंत कोणी मोडला नाही. एमिल झाटोपेक याने चारशे-चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून 1952 साली हेलसिंकीत तीन सुवर्णपदके घेतली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आमचे शिक्षक झाटोपेकच्या फेऱ्यांची संख्या सांगतात. गेर्शलर यांची नाडी कोणी सांगत नाही.

आता आपल्या बेटाचा उन्हाळा घ्या. घाम आला म्हणून शरीर गार होत नाही. घाम वाळतो तेव्हा ते गार होते. जानेवारी-फेब्रुवारीत व्यापारी वारा मंदावतो, हवेत ओल भरलेली असते, आणि घाम वाळण्याऐवजी हनुवटीवरून ठिबकत राहतो. हृदयाला त्या वेळी दोन कामे करावी लागतात, पायांना रक्त पोचवणे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी तेच रक्त कातडीकडे पाठवणे. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्या वेगाला नाडी 170 होती, त्याच वेगाला फेब्रुवारीत ती 185 झाली तर नवल नाही. आणि दीड मिनिटात ती 120 वर येतही नाही. तेव्हा घड्याळ तेच, फेऱ्या तेवढ्याच, विश्रांतीही तेवढीच ठेवली, तर कागदावर व्यायाम तोच दिसतो, पण शरीरात तो दुसराच होतो. क्युरपीप-वाक्वाच्या गारव्यात राहणारी मुले बसने खाली बांबूच्या मैदानावर येतात तेव्हा हा फरक अधिकच जाणवतो.

शिक्षकांच्या म्हणण्यात सत्य नाही असे नव्हे. शरीराला उन्हाची सवय होते. रोज थोडे थोडे केले तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातील पाणी वाढते. पण ही सवय हळूहळू धावून लागते; सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी दहा वेळा चारशे मीटर धावून लागत नाही. आणि घाई तरी कशाची? 2019 साली हिंद महासागरातील बेटांच्या क्रीडास्पर्धा आपल्याकडे भरल्या त्या जुलैमध्ये, ऐन थंडीत. फेब्रुवारीत स्वतःचाच विक्रम मोडणाऱ्या मुलाला पदक कोण देणार आहे?

पण उन्हापेक्षाही मला गटाची भीती अधिक वाटते. एकटा धावणारा माणूस डोके गरगरले की थांबतो. गटातला थांबत नाही. पुढे मैत्रीण आहे, मागे शिक्षक शिट्टी वाजवत आहेत, बाकावर कोणाचे तरी वडील बसले आहेत. "दोन राहिल्या, सोडू नकोस!" अशी हाक येते, आणि ती प्रेमानेच येते. आपल्या समाजात तर लहानपणापासून शिकवले जाते की चारचौघांत माघार घेऊ नये, घराण्याचे नाव जाते. अशा वेळी पंधरा वर्षांची मुलगी अंगावर काटा येत असताना, उन्हात थंडी वाजत असताना, धावत राहते. एका शाळेत मी पाहिले आहे, सहाव्या फेरीला बाहेर आलेल्या मुलाला बाकीच्यांसमोर नाव ठेवले गेले. पुढच्या आठवड्यात तो मुलगा थांबला नाही, गवतावर पडला. तो वाचला, बरा झाला. पण त्या दिवशी जमलेल्यांपैकी प्रत्येकाने त्याच्या "जिद्दीचे" कौतुक केले, हे मला अजून खुपते.

आमच्या गटात म्हणून एक नियम आहे. विश्रांती संपली हे सर्वांत पुढे आलेला सांगत नाही, सर्वांत शेवटी आलेला सांगतो. मानेवर दोन बोटे ठेवून दहा सेकंद ठोके मोजायचे. वीस किंवा कमी भरले तरच "चला". उन्हाळ्यात याला कधी तीन मिनिटे लागतात, कधी चार. चार मिनिटांतही नाडी उतरली नाही तर त्या माणसाचा त्या दिवशीचा व्यायाम संपला, आणि त्याने सावलीत बसून इतरांची वेळ लिहायची. पोलीस दादांना सुरुवातीला हे पोरखेळ वाटले. आता तेच सर्वांत मोठ्याने ठोके मोजतात! (मुलींचे सहाचे पाढे पक्के झाले हा माझा खासगी लाभ.)

वेळेचा प्रश्न मात्र कठीण आहे. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. शनिवारी पहाटे धावणे सहज जमते. आपले आजे-पणजे ऊस तोडायला अंधारातच निघत होते, ते काही हौसेने नव्हे. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळा सुटल्यावर तीन वाजता मुले मैदानावर येतात, ट्रॅक तव्यासारखा तापलेला असतो, आणि पाच वाजता ट्यूशन असते. पाच ते सहा ही धावण्याची खरी वेळ आपण ट्यूशनला देऊन टाकली आहे. पालकांनो, मुलीला उन्हापासून वाचवायचे असेल तर धावणे बंद करू नका, आठवड्यातून एक दिवस ट्यूशन तासभर पुढे ढकला. 2019 साली दोहा येथे जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री सुरू केली गेली. तरीही निघालेल्या 68 जणींपैकी 40 जणीच शेवटपर्यंत पोचल्या. जगातल्या उत्तम धावपटूंसाठी घड्याळ हलवता येते, मग आपल्या मुलींसाठी का नाही?

आजीबाई सांगतात की तापलेल्या अंगाने गार पाणी पिऊ नये. प्यावे, तहान लागेल तसे प्यावे. फक्त हंडाभर एकदम पिऊ नये, आणि आलुडा सर्व झाल्यावर. अंगात ताप असेल किंवा पोट बिघडले असेल, तर त्या दिवशी मैदानावर जाऊच नये.

आणि कोणी धावता धावता असंबद्ध बोलू लागला, वाट चुकल्यासारखा वळू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा, मग अंग घामाने भिजलेले का असेना. घाम येतो आहे म्हणजे धोका नाही, हा समज खोटा आहे. अशा वेळी एकाने 114 वर सामूला फोन करावा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता त्याला सावलीत नेऊन गार पाण्यात बसवावे. टब नसेल तर बादलीमागून बादली ओतावी, बर्फ असेल तर तोही. आधी गार करणे, मग इस्पितळ. आमच्याकडे शनिवारी गाडीच्या डिकीत मुलांना आंघोळ घालायचा जुना प्लास्टिकचा टब आणि बर्फाच्या दोन पिशव्या असतात. तुमचे मूल जिथे धावते तिथे टब कोणाकडे आहे, हे येत्या शनिवारी विचारून पाहा.