शनिवारचा पिक्चर : 'द रोड'



आधीच सांगतो, या वेळचा पिक्चर जेवताना लावायचा नाही आणि पोरं जागी असताना तर अजिबातच नाही. आम्ही चिरंजीवांना झोपवून, खोलीचं दार लावून पाहिला.

जॉन हिलकोटचा 'द रोड', २००९चा. कॉर्मॅक मॅकार्थीच्या २००६च्या कादंबरीवरून काढलेला. कादंबरीला २००७चं पुलित्झर मिळालं. सिनेमा मात्र वर्षभर रखडला आणि नेमका थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लागला. भरल्या पोटी उपाशी माणसांचा सिनेमा! तिकीटबारीवर फार काही चालला नाही, यात नवल नाही.

गोष्ट एवढीच. जग जळून गेलंय. का, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. अणुयुद्ध म्हणा, उल्का म्हणा. रूट कॉज सापडल्याशिवाय तिकीट बंद न करणाऱ्या आपल्यासारख्यांची इथे जरा पंचाईत होते, पण थोड्या वेळाने तो प्रश्नच मागे पडतो, कारण त्या बापाला कारण कळून काही उपयोग नाही. सूर्य राखेमागे गेलाय, झाडं मेलीत, जनावरं संपलीत, म्हणजे पीकपाणी नाही. उरलेली माणसं एक तर जुने डबे हुडकतात, नाही तर माणसं खातात. अशात एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सुपरमार्केटची ढकलगाडी घेऊन दक्षिणेला, समुद्राकडे चालत निघालेत. दोघांनाही नाव नाही. जवळ एक रिव्हॉल्व्हर आणि दोन गोळ्या. दोनच का, ते कळतं तेव्हा घशाशी येतं.

आम्ही राहतो पिट्सबर्गला, त्यामुळे अर्धा पिक्चर ओळखीच्या मुलखातला निघाला. शूटिंग बरंचसं इकडेच झालंय. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकचा ब्रीझवूडजवळचा तुकडा, जो १९६८ साली नवा रस्ता झाल्यावर तसाच सोडून दिला, त्या फुटलेल्या डांबरावरून हे दोघं चालतात. समुद्रकिनाऱ्यासाठी ईरी सरोवराचा काठ वापरलाय. शिवाय कत्रिनानंतरचं न्यू ऑर्लिन्स आणि १९८०च्या उद्रेकात भाजून निघालेला माउंट सेंट हेलेन्सचा परिसर. दिग्दर्शकाला खऱ्याच उजाड जागा हव्या होत्या. राखाडी आकाशासाठी मात्र त्याला फार कष्ट पडले नसावेत. इथला फेब्रुवारी ज्याने काढलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

व्हिगो मॉर्टेन्सनने बाप असा काही केलाय की हा माणूस नट आहे हे विसरायला होतं. मुलाचं काम करणारा कोडी स्मिट-मॅकफी तेव्हा अकरा वर्षांचा होता. पण सगळ्यात जास्त डोक्यात राहिला तो चोराचा प्रसंग. एक भणंग माणूस यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो, बंदूक रोखतो आणि अंगावरचे सगळे कपडे उतरवायला लावतो, अगदी बुटांसकट. थंडीत तो मरणार हे तिघांनाही माहीत आहे. मुलगा रडून रडून गयावया करतो. शेवटी बाप मागे फिरतो, पण तो माणूस काही दिसत नाही, तेव्हा कपडे रस्त्यावर ठेवून ही दोघं पुढे जातात.

हिशेबाने पाहिलं तर बापाचं बरोबर आहे. अन्न गेलं तर मुलगा मरणार. पण आपण चांगली माणसं आहोत, आपण आग जपतोय, हे रोज त्या पोराच्या कानी घालणाराही हाच बाप. आणि पोराने ते खरं मानलंय! आपण पोरांना जे सांगतो ते ती शब्दशः घेतात आणि एक दिवस आपल्यालाच लावून दाखवतात. हे कळायला जग जळायची गरज नाही, मॉलमध्ये पार्किंग शोधताना बापाच्या तोंडून काय निघतं तेवढं पुरतं.

दोन तक्रारी. निक केव्ह आणि वॉरन एलिसचं संगीत छान आहे, पण काही ठिकाणी नको होतं. पुस्तकात जी शांतता आहे (मॅकार्थी संवादांना अवतरणचिन्हंसुद्धा लावत नाही) ती इथे व्हायोलिनने भरून काढलीय. दुसरी, आईच्या आठवणी पुस्तकापेक्षा वाढवल्यात. ही आई एका रात्री नवरा आणि मुलाला सोडून अंधारात निघून जाते, मरायलाच. मला ती जरा स्वार्थी वाटली. सौ. म्हणाली, "तू तिला नावं ठेवू नकोस. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला दिसतंय, आणि तुम्ही दोघं तिचं ऐकत नाही आहात." यावर अर्धा तास वाद झाला, निकाल नाही.

मॅकार्थीला ही गोष्ट सुचली एल पासोच्या हॉटेलात. साठी उलटून गेलेला बाप, शेजारी झोपलेला चारेक वर्षांचा मुलगा, आणि खिडकीतून दिसणारं रात्रीचं गाव. पन्नास-शंभर वर्षांनी इथे काय असेल या विचारात त्याला डोंगरावर आगी दिसायला लागल्या. पुस्तक त्या मुलालाच अर्पण केलंय. म्हणजे मूळ भीती जग बुडण्याची नाहीच, आपण आधी जाणार आणि हा मागे राहणार, ही आहे.

आता शेवट सांगतोय, नको असेल त्यांनी इथेच थांबा.

बाप किनाऱ्यावर मरतो. मग एक अनोळखी माणूस येतो आणि आमच्याबरोबर चल म्हणतो. या पोराने ओळखायचं कसं, की हा चांगल्यांपैकी की खाणाऱ्यांपैकी? तो त्याला विचारतो, तुम्हाला मुलं आहेत का?

पिक्चर संपल्यावर सौ.ने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आपल्या दोघांना एकदम काही झालं तर?" दर महिन्याला आम्ही तिघं त्याच टर्नपाइकवरून पाच-पाच तास गाडी हाणतो. चिरंजीव सात वर्षांचे. आजी-आजोबा साताऱ्यात, दोघंही सत्तरीपुढचे. दादा-वहिनी पुण्यात. इकडे रक्ताचं कुणी नाही. विलमध्ये मुलाचा पालक म्हणून कुणाचं नाव सुचवायचं ते लिहून ठेवता येतं, नसेल लिहिलं तर कोर्ट आपल्या परीने ठरवतं. आमचं विलच नव्हतं. चारशे एक केचे कागद मात्र फायलीत तारीखवार लावलेले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू मित्राकडे गेलो. कसं विचारायचं? "आम्ही मेलो तर दादा इथे पोचेपर्यंत पोराला ठेवून घ्याल का?" असं चहा पिताना विचारतात का कुणी? पण विचारलं. तो गप्प झाला. त्याची बायको आतून येऊन म्हणाली, "आमच्या दोघींसाठी आम्हीही तुमचंच नाव लिहितो मग." दोन मुली आहेत त्यांना.

तात्पुरतं झालं. कायमच्या रकान्यात दादाचं नाव घालायचं, हे आम्हा दोघांना उघड वाटत होतं, पण सौ. आता म्हणते की मराठी समजणाऱ्या पण बोलायला लाजणाऱ्या पोराला एकदम पुण्याच्या शाळेत टाकायचं का? आणि इथेच ठेवायचं, तर आजी-आजोबांना काय तोंडाने सांगायचं? वकिलाची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. त्याआधी रविवारी दादाशी बोलायचंय. तुमच्यापैकी कुणी हे कागद केले असतील तर काय ठरवलंत ते जरूर कळवा.

पिक्चर पाहणार असाल तर पुस्तक आधी वाचा. लायब्ररीत दोन्ही मिळतं.